शालेय विषमतेचे संशोधन आणि शिक्षणधोरण : पैसा, बैठक व पाठ यांच्या संदर्भात एक चिकित्सा

सारांश

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात शालेय विषमतेचे तीन प्रश्न एकत्र मांडलेले आढळतात. शिक्षणावर खर्च होणारा पैसा कोणाचा व तो कोणासाठी, शाळेत कोण कोणाशेजारी बसतो आणि शाळेत काय व कोण शिकवतो, हे ते तीन प्रश्न होत. स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठीय संशोधनाने या तिन्ही प्रश्नांचा स्वतंत्रपणे सखोल अभ्यास केला. परंतु ते एकमेकांपासून अलग पडले. त्यामुळे धोरणकर्त्यांना सोयीचा भाग उचलणे व गैरसोयीचा वगळणे सुलभ झाले. जे. पी. नाईक, पद्मा वेलासकर, गीता नंबिसन, कृष्ण कुमार, ज्याँ द्रेझ, शर्मिला रेगे आदी अभ्यासकांच्या निवडक लेखनाच्या आधारे प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी केली असून महाराष्ट्रातील अलीकडील दोन निर्णयांच्या संदर्भात त्याचा परिणाम दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : शालेय विषमता, शिक्षणधोरण, समान शाळा, समूहशाळा, शिक्षणहक्क, जात, विद्यापीठीय संशोधन.

प्रस्तावना

शिक्षणातील विषमता हा भारतीय समाजशास्त्र, अर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र या तिन्ही ज्ञानशाखांचा जुना अभ्यासविषय आहे. आयोग, समित्या, सर्वेक्षणे, शोधप्रबंध आणि नियतकालिकांतील लेख यांतून या विषयावर विपुल सामग्री जमा झालेली आहे. असे असूनही शाळा बंद करणे, शाळांचे एकत्रीकरण करणे किंवा खाजगी शाळांना एखाद्या दायित्वातून मुक्त करणे यांसारखे निर्णय घेतले जातात, तेव्हा या संशोधनाचा आधार घेतला जातो खरा, पण तो अर्धवट घेतला जातो. याचा दोष केवळ शासनावर टाकून भागत नाही. संशोधनाची रचनाच अशी अर्धवट उचल शक्य करते काय, हाही प्रश्न विचारणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हा प्रश्न विचारणे हेच आहे. येथे सर्व अभ्यासकांचा आढावा घेण्याचा हेतू नाही. ज्यांच्या मांडणीने विषयाला वळण दिले अशा मोजक्या अभ्यासकांचाच विचार केला आहे.

१. फुले व आंबेडकर : एकत्रित प्रश्न

१९ ऑक्टोबर १८८२ या दिनांकाचे फुले यांचे निवेदन हे महाराष्ट्रातील शिक्षणधोरणविषयक चिकित्सेचा पाया मानावे लागते. फुले हे कोणत्याही विद्यापीठाचे अभ्यासक नव्हते. परंतु १८४८ पासून पुण्यात शाळा उघडून त्या चालविण्याचा प्रत्यक्ष अनुभव त्यांच्या पाठीशी होता. सदर निवेदनातील युक्तिवादाचे तीन पदर आहेत.

पहिला पदर पैशाचा आहे. सरकारी महसुलाचा मोठा भाग रयतेच्या श्रमातून येतो, मात्र त्याचा लाभ वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणाला मिळतो, हे त्यांनी निदर्शनास आणले. वरच्या थराला शिकविले म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या तत्कालीन सिद्धान्ताला त्यांनी दिलेले उत्तर तात्त्विक कमी व हिशेबी अधिक आहे. दुसरा पदर बैठकीचा आहे. महार, मांग व अन्य जातींच्या मुलांना वरिष्ठ जातींच्या मुलांशेजारी बसू दिले जात नसल्याने ती मुले व्यवहारतः शाळेबाहेर राहतात आणि त्यांच्यासाठी काढलेल्या स्वतंत्र शाळा मोठ्या गावांपुरत्याच मर्यादित आहेत, याकडे त्यांनी लक्ष वेधले. तिसरा पदर पाठाचा आहे. मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांचा समावेश त्यांनी सुचविला आणि शिक्षक शेतकरी वर्गाशी मिसळणारा असावा, असा आग्रह धरला. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे ही मागणी या तिन्ही पदरांच्या आधारावर उभी आहे, हे विशेष होय.

हीच हिशेबी पद्धत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या भाषणात आढळते. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलमध्ये शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारी अहवालातील आकडे समाजगटनिहाय मांडून लोकसंख्येच्या प्रमाणात कोणता समाज शिक्षणात कोठे आहे हे दाखविले. सरासरी आकडा विषमता झाकतो. तो फोडला की विषमता दिसू लागते, हे या मांडणीतील पद्धतिशास्त्रीय तत्त्व होय. पुढील काळातील संशोधनाचे मोजमाप करताना हे तत्त्व कसोटी म्हणून वापरता येते.

आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. फुले यांनी आयोगासाठी निवेदन इंग्रजीत दिले. परंतु त्याच सुमारास, १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात कर, नोकरशाही व विद्येचा अभाव यांचा संबंध त्यांनी मराठीत शेतकऱ्यापुढे मांडला. एकच प्रश्न राज्यकर्त्यांपुढे त्यांच्या भाषेत आणि रयतेपुढे तिच्या भाषेत मांडण्याची ही दुहेरी रीत पुढे विद्यापीठीय संशोधनात फारशी टिकली नाही.

२. जे. पी. नाईक : त्रिकोणाची मर्यादा

स्वातंत्र्योत्तर शिक्षणधोरणाच्या अभ्यासात जे. पी. नाईक (१९०७–१९८१) यांचे स्थान मध्यवर्ती आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या नाईक यांनी गारगोटी येथील मौनी विद्यापीठात कार्य केले, भारतीय शिक्षण संस्थेची स्थापना केली, कोठारी आयोगाचे (१९६४–६६) सदस्य-सचिवपद सांभाळले आणि १९६९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची उभारणी केली. शासनाच्या आत राहून शासनाची चिकित्सा करणारा अभ्यासक अशी त्यांची ओळख करून देता येईल.

कोठारी आयोगाने शिक्षणव्यवस्था स्वतःच सामाजिक विभक्ततेला हातभार लावत असल्याचे स्पष्टपणे नमूद केले. जात, धर्म, आर्थिक स्थिती यांचा विचार न करता सर्वांना खुली असलेली, शुल्क न आकारणारी आणि पालकाला महागड्या शाळेचा विचारही करावा लागणार नाही इतक्या दर्जाची समान शाळा हा त्यावरील उपाय आयोगाने सुचविला. शिक्षणावरील खर्च १९८५–८६ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्क्यांपर्यंत न्यावा, ही शिफारसही याच अहवालातील होय. म्हणजेच पैसा व बैठक हे दोन्ही प्रश्न या अहवालात एकत्र आले होते. मात्र स्वतंत्र खाजगी शाळांना या रचनेबाहेर ठेवण्यात आल्याने समान शाळेच्या कल्पनेला आरंभीच तडा गेला.

नाईक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात समानता, गुणवत्ता आणि संख्या यांचा ‘हाती न लागणारा त्रिकोण’ अशी संकल्पना मांडली. मर्यादित साधनसामग्रीत या तिन्हींचा मेळ घालणे हे भारतीय शिक्षणापुढील मूलभूत आव्हान आहे आणि समाजरचनेतील बदलाशिवाय केवळ शिक्षणातील बदल अपुरा ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. त्रिकोणाची ही प्रतिमा अत्यंत प्रभावी ठरली. शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गांत ती आजही शिकवली जाते.

परंतु या प्रतिमेची मर्यादा तिच्या रचनेतच आहे. त्रिकोणाच्या तीन बाजू म्हटल्या की एक वाढविताना दुसरी कमी होणार, असे गृहीत धरले जाते. गुणवत्ता ही समानतेपासून वेगळी व तिच्याशी स्पर्धा करणारी गोष्ट ठरते. स्वतः नाईक यांचा हेतू तसा नव्हता. किंबहुना तिन्हींचा समन्वय हाच त्यांचा ध्यास होता. तथापि साधनसामग्रीच्या टंचाईवर तोडगा म्हणून त्यांनी पुरस्कारलेल्या अर्धवेळ व अनौपचारिक शिक्षणाचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. काम करणाऱ्या मुलाला शिक्षणापासून वंचित ठेवू नये, हा त्यामागील विचार मानवीय होता. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात मात्र समान शाळेचा उल्लेख, निवडक मुलांसाठी नवोदय विद्यालये आणि श्रमिक मुलांसाठी अनौपचारिक केंद्रे हे सर्व शेजारी शेजारी नांदू लागले. दिल्ली विद्यापीठातील शिक्षणशास्त्राचे अभ्यासक अनिल सद्गोपाल यांनी या बहुस्तरीय रचनेवर सातत्याने टीका केली. गरिबांसाठी समांतर व दुय्यम प्रवाह निर्माण करून सार्वत्रिकीकरणाचा आकडा गाठता येतो; पण त्यात समानता उरत नाही, असा त्यांच्या टीकेचा आशय आहे. संख्येची बाजू पूर्ण करण्यासाठी समानतेची बाजू आखूड करणे हे त्रिकोणाच्या प्रतिमेतच शक्य होते, असे म्हणावे लागते.

३. शाळेच्या आतील विषमता : वेलासकर, नंबिसन व कृष्ण कुमार

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतील पद्मा वेलासकर यांनी १९९० मध्ये ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’मधील लेखात चर्चेची दिशा बदलली. मुले शाळेत का येत नाहीत, या प्रश्नाऐवजी वेगवेगळ्या थरांतील मुले वेगवेगळ्या दर्जाच्या शाळांत का जातात व त्यातून समाजातील विषमता पुन्हा कशी घडविली जाते, हा प्रश्न त्यांनी केंद्रस्थानी आणला. विषमता ही शाळेबाहेरून आत येणारी गोष्ट नसून शाळांच्या उतरंडीतून निर्माण होणारीही आहे, हे त्यांचे प्रतिपादन होय. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू यांच्या पुनरुत्पादनाच्या सिद्धान्ताशी त्याचे नाते आहे. परंतु जात या घटकामुळे वेलासकर यांची मांडणी भारतीय वास्तवाशी जोडली जाते. महाराष्ट्रातील दलितांच्या शैक्षणिक संघर्षावरील त्यांच्या लेखनात तर शिक्षण हे पुनरुत्पादनाचे साधन आणि मुक्तीचे साधन अशा दोन्ही रूपांत दिसते. २०१० मधील लेखात त्यांनी गुणवत्ता व समानता यांतील कथित विरोधच नाकारला. समाजाच्या एका भागाला वगळून साधलेली गुणवत्ता ही मुळात गुणवत्ता म्हणता येईल काय, हा त्या मांडणीतून निष्पन्न होणारा प्रश्न नाईक यांच्या त्रिकोणाला दिलेले सर्वांत समर्थ उत्तर ठरतो.

जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील गीता नंबिसन यांनी हीच दृष्टी प्रत्यक्ष वर्गखोलीपर्यंत नेली. १९९६ मध्ये त्यांनी दलित मुलांच्या शालेय शिक्षणातील समतेचा प्रश्न उपस्थित केला. त्यानंतर राजस्थानातील दलित मुलांच्या अनुभवांवरील अभ्यासात पाणी पिणे, बसण्याची जागा, शिक्षकाचे लक्ष, शाळेतील कामांचे वाटप यांसारख्या नित्याच्या गोष्टींतून भेदभाव कसा व्यक्त होतो याची नोंद केली. हजेरीपटावर नाव असलेले मूलही वगळले जाऊ शकते, हे या अभ्यासाचे सार होय. फुले यांनी १८८२ मध्ये मांडलेला बैठकीचा प्रश्न सव्वाशे वर्षांनंतर संशोधनाचा विषय व्हावा, यातच त्याचे गांभीर्य स्पष्ट होते.

पाठाचा प्रश्न कृष्ण कुमार यांच्या लेखनात प्रामुख्याने येतो. वसाहतकाळात रुजलेल्या पाठ्यपुस्तकसंस्कृतीने शिक्षकाचे स्वातंत्र्य हिरावून घेतले आणि कोणते ज्ञान शिकविण्यायोग्य हा प्रश्नच वर्गातून हद्दपार केला, असे त्यांचे विश्लेषण आहे. २००४ ते २०१० या काळात ते राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे संचालक होते. २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा याच काळातील होय.

या तिन्ही अभ्यासकांचे योगदान निर्विवाद मोलाचे आहे. तथापि एक उणीव जाणवते. बैठकीचा व पाठाचा विचार करताना पैशाचा हिशेब मागे पडतो. समान शाळा उभारण्यास किती खर्च येईल, तो कोणत्या स्तरावरील शासनाने करावयाचा आणि सध्याच्या खर्चातील कोणता हिस्सा कोणत्या थरातील मुलांपर्यंत पोहोचतो, हे प्रश्न समाजशास्त्रज्ञांनी बहुधा अर्थशास्त्रज्ञांकडे सोपविले. अर्थशास्त्रज्ञांनी ते हाती घेतलेही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील तापस मजुमदार यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ गटाने १९९९ मध्ये प्राथमिक शिक्षणाच्या सार्वत्रिकीकरणासाठी दहा वर्षांत सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपयांच्या अतिरिक्त तरतुदीचा अंदाज वर्तविला. परंतु हा अंदाज सर्व मुलांना शाळेत आणण्याचा होता; त्यांना एकाच शाळेत, एकमेकांशेजारी बसविण्याचा नव्हता. अशा रीतीने पैशाचा प्रश्न बैठकीपासून सुटा झाला.

४. मोजमापाचे सामर्थ्य आणि त्याचा वापर

या विभाजनाचा परिणाम समजून घेण्यासाठी एका परदेशी उदाहरणाचा उल्लेख उपयुक्त ठरेल. कोठारी आयोगाचा अहवाल आला त्याच वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा शैक्षणिक संधीच्या समानतेवरील अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे ४ हजार शाळांच्या पाहणीवर तो आधारलेला होता. शाळेतील सोयींपेक्षा कौटुंबिक पार्श्वभूमीचा विद्यार्थ्याच्या संपादनाशी अधिक संबंध आढळतो, हा त्याचा बहुचर्चित निष्कर्ष. परंतु सहाध्यायी कोण आहेत याचाही संपादनावर परिणाम होतो, हा त्याचा दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा होता. दुसऱ्या निष्कर्षाचा उपयोग वर्णभेदावर आधारित विभक्त शाळा एकत्र आणण्याच्या बाजूने झाला. तर पहिल्या निष्कर्षावरून शाळांवर पैसा खर्चून फारसा लाभ नाही, असा अर्थ काढला गेला. एकाच संशोधनातून परस्परविरोधी धोरणे निघू शकतात, ती अशी.

भारतात ‘प्रोब’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९९ च्या अहवालाबाबत याहून वेगळे घडले नाही. अनुराधा डे, ज्याँ द्रेझ, मीरा सॅमसन व ए. के. शिवकुमार यांनी हिमाचल प्रदेशासह उत्तर भारतातील राज्यांत केलेल्या पाहणीने गरीब पालकांना मुलांच्या शिक्षणात रस नसतो, हा समज खोडून काढला. सरकारी शाळांतील अध्यापनाची दुरवस्थाही त्यात नोंदविली होती. त्याच वेळी हिमाचल प्रदेशात सरकारी शाळांच्याच बळावर झालेली शैक्षणिक प्रगती तुलनेने समतोल ग्रामीण समाजरचनेशी जोडून दाखविली होती. म्हणजे या अहवालात बैठकीचा धागा होता. पुढे न्यूकॅसल विद्यापीठातील जेम्स टूली यांच्यासारख्या अभ्यासकांनी सरकारी शाळांविषयीची निरीक्षणे उचलून अल्पशुल्क खाजगी शाळांचे समर्थन केले. गीता नंबिसन व स्टीफन बॉल यांनी २०१० मध्ये अशा समर्थनामागील संस्थांच्या जाळ्याची चिकित्सा केली. सरकारी शाळा सुधारण्याची हाक ज्या अहवालाने दिली, त्याचाच आधार सरकारी शाळेला पर्याय शोधण्यासाठी घेतला गेला.

२००५ पासून ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणांनी मुलांच्या वाचन व गणन क्षमतेची चर्चा घरोघरी पोहोचविली. हे विद्यापीठीय संशोधन नसले तरी विद्यापीठीय अभ्यासक त्याचा मोठ्या प्रमाणावर वापर करतात. पाचवीतील किती मुलांना दुसरीचा परिच्छेद वाचता येतो, हा आकडा सुटसुटीत आहे व त्याची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु मूल कोणाशेजारी बसून शिकते, हे त्यात येत नाही. जे मोजले जाते ते धोरणात येते आणि जे मोजले जात नाही ते नैतिक आवाहनापुरते उरते, ही मोजमापाची व्यवहारातील परिणती होय.

५. अर्धवट उचल : महाराष्ट्रातील दोन निर्णय

वरील विवेचन केवळ तात्त्विक नाही. महाराष्ट्रात पाच महिन्यांच्या अंतराने आलेल्या दोन निर्णयांची तुलना केली असता ते प्रत्यक्षात कसे उतरते हे दिसून येते.

डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून त्यांतील मुलांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय जाहीर झाला होता. त्यापुढील पाऊल म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे एकत्रीकरण करून समूहशाळा स्थापन करण्यासाठी शालेय शिक्षण विभागाने प्रस्ताव मागविले. अशा शाळांची संख्या सुमारे १५ हजार होती. नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील प्रयोग नमुना म्हणून पुढे करण्यात आले. लहान शाळेत पुरेसे शिक्षक, सवंगडी व सुविधा मिळत नाहीत, म्हणून मुलांना वाहनाने मोठ्या शाळेत न्यावे, असा त्यामागील युक्तिवाद होता. शाळासंकुलाची कल्पना मुळात कोठारी आयोगाची असून ती राबविली गेली नाही, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नमूद आहे. परंतु आयोगाची शाळासंकुले ही परिसरातील शाळा टिकवून त्यांना एकमेकींशी जोडण्याची योजना होती आणि त्याच अहवालातील समान शाळेपासून ती तोडता येत नाही. संकुल स्मरणात राहिले, समान शाळा विस्मरणात गेली. येथे गुणवत्तेच्या नावाने अंतर गौण मानले गेले.

त्यानंतर ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत बदल करण्यात आला. एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी विनाअनुदानित शाळांना वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के जागांच्या दायित्वातून वगळण्याची ही तरतूद होती. जवळ शाळा उपलब्ध आहे, मग मुलाने खाजगी शाळेत का जावे, असा तिचा आशय. येथे अंतर हाच एकमेव निकष ठरला. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ही तरतूद रद्द केली.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवले की विसंगती लपत नाही. पाड्यावरील मुलासाठी जवळची शाळा पुरेशी नाही, त्याने दूर जावे. आणि शहरातील वस्तीतल्या मुलासाठी जवळची सरकारी शाळा पुरेशी आहे, त्याने शेजारच्या खाजगी शाळेचे दार ठोठावू नये. एका ठिकाणी गुणवत्तेचा व दुसऱ्या ठिकाणी उपलब्धतेचा आधार घेतला गेला. दोन्ही आधार संशोधनात सापडतात. दोन्ही ठिकाणी समान असलेली बाब एकच, ती म्हणजे खर्च आटोक्यात ठेवणे. पहिल्या निर्णयात शिक्षक व इमारतींवरील, तर दुसऱ्यात खाजगी शाळांना द्यावयाच्या प्रतिपूर्तीवरील खर्च कमी होतो. फुले यांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे ही बचत कोणाच्या मुलांच्या वाट्यातून होते, तो मात्र दोन्ही ठिकाणी अनुत्तरित राहतो.

२५ टक्के तरतुदीच्या मूल्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, हेही येथे नमूद केले पाहिजे. काहींच्या मते ती भिन्न थरांतील मुलांना एका वर्गात आणणारी मर्यादित पण खरी तरतूद आहे. सद्गोपाल यांच्यासारख्या टीकाकारांच्या मते ती सरकारी पैसा खाजगी शाळांकडे वळवून समान शाळेचा मार्गच बंद करते. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. परंतु हा वाद पुढे नेण्यासाठी आवश्यक असलेले संशोधन, म्हणजे प्रवेश मिळालेले मूल त्या वर्गात कसे वागविले जाते आणि त्याच वेळी त्याने सोडलेल्या शाळेचे काय होते, यांचा एकत्रित अभ्यास, आवश्यक त्या प्रमाणात झालेला दिसत नाही. पैसा आणि बैठक यांची फारकत येथे प्रत्यक्ष अडथळा ठरते.

६. भाषेचा प्रश्न

या फारकतीला भाषेचे एक परिमाण आहे. वर उल्लेखिलेले बहुतेक लेखन इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. ज्या शाळांविषयी ते आहे त्या शाळांतील शिक्षक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य व पालक यांच्यापर्यंत ते क्वचितच पोहोचते. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे ‘जीवन शिक्षण’ आणि भारतीय शिक्षण संस्थेचे ‘शिक्षण आणि समाज’ ही मराठी नियतकालिके शिक्षकांशी नाते राखून आहेत. परंतु जातवर्गीय विषमतेचे समाजशास्त्रीय विश्लेषण व शिक्षकाचा दैनंदिन अनुभव यांची गाठ तेथेही पुरेशी पडली, असे म्हणता येत नाही. परिणामी सदर संशोधनात शिक्षक हा बहुधा अभ्यासाचा विषय असतो, अभ्यासाचा सहभागी नसतो. भेदभाव करणारा किंवा गैरहजर राहणारा अशा रूपात तो अहवालात येतो. मात्र एका शिक्षकाने चार इयत्ता सांभाळताना काय साधते व काय निसटते, याविषयीचे त्याचे स्वतःचे ज्ञान नोंदले जात नाही.

या संदर्भात पुणे विद्यापीठातील शर्मिला रेगे (निधन २०१३) यांचे कार्य वेगळे उठून दिसते. २०१० मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ या नाटकाचा संदर्भ घेऊन फुले-आंबेडकरी स्त्रीवादी अध्यापनव्यवहाराची मांडणी केली. विषमतेचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाच्या वर्गातच विषमता कशी वावरते, कोणाचा अनुभव ज्ञान मानला जातो व कोणाचा केवळ कैफियत, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या ज्ञानक्षेत्राला विचारला. संशोधकाने इतरांच्या शाळेकडे पाहताना आपल्या वर्गाकडेही पाहावे, ही अपेक्षा त्यातून व्यक्त होते. त्यांचा लेख विद्यापीठीय वर्गाविषयी आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी नाही, ही त्याची मर्यादा होय. तरीही बैठक व पाठ हे दोन प्रश्न एकत्र आणण्याची वाट त्याने दाखविली आहे.

समारोप

शालेय विषमतेवरील विद्यापीठीय संशोधन निष्फळ ठरले, असे म्हणणे अन्यायकारक होईल. पालकांच्या उदासीनतेचा समज खोडून काढणे, शाळांची उतरंड उघड करणे आणि हजेरीपटामागील भेदभाव दाखविणे ही त्याची मोठी उपलब्धी आहे. आक्षेप आहे तो संशोधनाच्या तुटकपणाला. अर्थशास्त्राने पैसा पाहिला, समाजशास्त्राने बैठक पाहिली आणि शिक्षणशास्त्राने पाठ पाहिला. प्रत्येकाचे निष्कर्ष आपापल्या जागी खरे असले, तरी सुटे असल्यामुळे एकाचा वापर दुसऱ्याविरुद्ध करता येतो. गुणवत्तेच्या नावाने वस्तीवरील शाळा जाते आणि उपलब्धतेच्या नावाने सामाईक वर्ग जातो.

यावर उपाय म्हणून तीन दिशा सूचित करता येतात. पहिली, कोणत्याही शालेय एकत्रीकरणाच्या अभ्यासात खर्चाची बचत समाजगटनिहाय फोडून मांडली जावी. आंबेडकरांनी १९२७ मध्ये अनुसरलेली रीत याकरिता पुरेशी मार्गदर्शक आहे. दुसरी, अध्ययननिष्पत्तीच्या सर्वेक्षणांबरोबर वर्गाची सामाजिक रचनाही नोंदविली जावी, जेणेकरून बैठकीचा प्रश्न मोजमापाबाहेर राहणार नाही. तिसरी, असे संशोधन मराठीत व शिक्षकांच्या सहभागाने व्हावे. ग्रामीण महाविद्यालयांतील समाजशास्त्र, अर्थशास्त्र व शिक्षणशास्त्र या विभागांना हे कार्य एकत्रितपणे करता येण्याजोगे आहे, कारण ज्या शाळांचे भवितव्य पटसंख्येवर ठरते त्या शाळा याच महाविद्यालयांच्या परिसरात आहेत आणि त्यांतून शिकलेली मुलेच त्यांच्या वर्गांत बसतात. हे तिन्ही प्रश्न एका निवेदनात मांडता येतात, हे १८८२ मध्येच सिद्ध झाले आहे. ते पुन्हा एकत्र मांडणे हे आजच्या संशोधनाचे दायित्व होय.